ग्रीनलंड निर्मनुष्य नाही

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत गेल्या काही महिन्यांत आर्क्टिक सफरींविषयी जे लेख आले आणि त्यांच्या शेजारी ज्या जाहिराती झळकल्या, त्यांत ‘निर्मनुष्य’, ‘अस्पर्श’ आणि ‘जगाचे शेवटचे टोक’ हे तीन शब्दप्रयोग इतक्या नेमाने येतात, की ते सारे एकाच हाताने लिहिले असावेत अशी शंका येते. गेल्या ऑगस्टमध्ये मी आणि माझे यजमान अशाच एका जहाजाने आइसलंडच्या रेक्याविकहून निघून ग्रीनलंडच्या दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्याने बारा दिवस फिरून आलो. प्रवास उत्तम झाला. माझी तक्रार आहे ती या शब्दांविषयी, कारण ते वाचून निघालेला प्रवासी बर्फ आणि अस्वले पाहण्याच्या तयारीने जातो आणि समोर आलेली माणसे त्याला दिसतच नाहीत. आमच्या गटातल्या बऱ्याच जणांचे तसे झाले, आणि पहिले काही दिवस माझेही झाले.

ग्रीनलंडचे क्षेत्रफळ सुमारे २१ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या दोन-तृतीयांशाएवढे आहे. त्यातला ऐंशी टक्के भाग हिमस्तराखाली आहे आणि उरलेल्या किनारपट्टीवर, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावात मावतील एवढी, सुमारे ५७ हजार माणसे राहतात. संख्या लहान आहे हे खरे. परंतु या माणसांना १९७९ मध्ये डेन्मार्ककडून अंतर्गत कारभाराचा अधिकार मिळाला, २००९ मध्ये त्याहून व्यापक स्वशासन मिळाले, आणि तेव्हापासून त्यांची कलाअल्लिसुत ही भाषा देशाची एकमेव राजभाषा आहे. देशाला ते ‘कलाअल्लित नुनात’, म्हणजे कलाअल्लित लोकांची भूमी, असे म्हणतात. ‘इनुइट’ या व्यापक नावाचा अर्थ तर मुळी ‘माणसे’ असाच आहे, एकवचनी ‘इनुक’. ज्या लोकांच्या नावाचाच अर्थ माणसे, त्यांच्या देशाला आपण मराठीत निर्मनुष्य म्हणून मोकळे होतो!

मी दापोलीकडच्या एका शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवला. दरवर्षी फळ्यावर खडूने अर्धगोल काढून, त्यात विटांसारख्या रेघा मारून, ‘एस्किमो लोक इग्लूत राहतात’ हे वाक्य मी मुलांकडून पाठ करून घेतले आहे. तेव्हा इतरांकडे बोट दाखवण्यापूर्वी ही कबुली देणे मला आवश्यक वाटते. ग्रीनलंडच्या बहुतेक भागात बर्फाच्या विटांचे घर ही कधीच रोजची गोष्ट नव्हती. हिवाळ्यासाठी दगड आणि हरळीची ढेकळे रचून केलेली, जमिनीत अर्धी रुतलेली घरे असत आणि उन्हाळ्यात कातड्याचे तंबू. ‘इल्लु’ या त्यांच्या शब्दाचा अर्थ नुसता ‘घर’, मग ते कशाचेही असो. आज पश्चिम किनाऱ्यावरील इलुलिसात या गावात ते नाव लाल, पिवळ्या, निळ्या रंगाच्या लाकडी घराला लागू पडते, ज्याच्या पायरीवर मुलांच्या सायकली पडलेल्या असतात. ‘एस्किमो’ हे नाव इतरांनी दिलेले आहे आणि ग्रीनलंड व कॅनडात ते आता अवमानकारक समजले जाते. आपल्या पुरवणीतून ते हद्दपार व्हावे, ही माझी पहिली विनंती.

इलुलिसात या नावाचा अर्थ ‘हिमनग’. गावाच्या दक्षिणेला असलेला फियोर्ड, म्हणजे जमिनीत दूरवर घुसलेली समुद्राची अरुंद, खोल खाडी, २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथे २०२१ मध्ये उघडलेल्या हिम-फियोर्ड केंद्राच्या इमारतीपासून समुद्राच्या दिशेने एक लाकडी फळ्यांची वाट जाते. दोन्ही बाजूंना शेवाळ, गुडघ्याएवढी खुरटी झुडपे आणि वाऱ्यावर डुलणारे पांढरे कापूसगवत. सुमारे एक किलोमीटर चालल्यावर वाट सेर्मेर्मिउत या जुन्या वस्तीच्या जागेशी येते. बघायला तिथे काही नाही, असेच कोणीही म्हणेल. जमिनीला आलेले थोडे उंचवटे आणि इतर ठिकाणाहून जास्त हिरवे गवत, एवढेच. ते गवत हिरवे का, हे आमच्या स्थानिक वाटाड्या मुलीने सांगितले तेव्हा मात्र मी खाली बसून पाहिले. शतकानुशतके माणसांनी टाकलेली हाडे, चरबी आणि राख मुरून तिथली माती कसदार झाली आहे. त्या उंचवट्यांखाली साक्काक, डॉर्सेट आणि थूले अशा तीन संस्कृतींचे थर एकावर एक आहेत आणि सर्वांत खालचा थर चार हजार वर्षांच्या आसपासचा आहे. मोहेंजो-दडो भरात होते त्या सुमारास इथे कोणीतरी सील मारून, त्याच्या चरबीवर दिवा लावून बसलेले होते.

त्याच ठिकाणी किनाऱ्याकडे उतरणाऱ्या पायवाटेवर एक फलक आहे. खाली जाऊ नका, हिमनग फुटून अचानक लाट येते आणि जीव जाऊ शकतो, अशा अर्थाची सूचना त्यावर आहे. आमच्या गटातील दोघे छायाचित्रासाठी तो ओलांडून खाली गेले होते आणि त्यांना वर बोलावताना त्या मुलीचा चेहरा पांढरा पडला होता. समोर पाणी आरशासारखे स्थिर होते, म्हणून त्यांना धोका पटेना. पण तो फियोर्ड कसा चालतो हे समजून घेतले, तर ती स्थिरताच भीतिदायक वाटते. हिमस्तरातून येणारी सेर्मेक कुयाल्लेक ही हिमनदी जगातील सर्वांत वेगवान हिमनद्यांपैकी एक असून, तिच्या भरवेगाच्या वर्षांत तिचे मुख उन्हाळ्यात दिवसाला ४० मीटरांहून अधिक सरकत होते. तिच्यातून सुटलेले प्रचंड हिमनग फियोर्डच्या तोंडाशी येऊन अडतात, कारण तिथे समुद्रतळावर याच हिमनदीने जुन्या काळी आणून टाकलेल्या दगडगोट्यांचा बांध आहे. जहाजे वाळूत रुतावीत तसे ते तिथे बूड टेकून महिनोन् महिने उभे राहतात आणि पुरेसे झिजले, फुटले किंवा मागून रेटले गेले की बाहेर पडतात. मग प्रवाहाबरोबर आधी उत्तरेला बॅफिनच्या उपसागरात आणि नंतर लॅब्राडॉरच्या किनाऱ्याने दक्षिणेला जातात. १८५० पासून या हिमनदीचे मुख सुमारे ४० किलोमीटर मागे हटले आहे. जाहिरातीत ‘हिमनग-दर्शन’ एवढे दोन शब्द असतात.

गावाच्या कडेला साखळीने बांधलेले घसरगाडीचे कुत्रे आणि लाकडी मांडवांवर वाळत घातलेले मासे दिसतात. तो वास आल्यावर आमच्यातील काहींनी नाकाला रुमाल लावले. मला मात्र हर्णैच्या किनाऱ्यावर बांबूंवर टांगलेल्या बोंबलांची आठवण झाली आणि बारा दिवसांत पहिल्यांदा आपण कुठल्यातरी ओळखीच्या जागी आलो आहोत असे वाटले. सहल-कंपनीच्या माहितीपत्रकात ‘इनुइट संस्कृतीचा अनुभव’ असा ठळक मथळा होता. प्रत्यक्षात त्या अनुभवाला, वाटेवरचे चालणे वगळता, चाळीस मिनिटे देण्यात आली आणि त्यातली निम्मी चुंबक व टोप्या विकणाऱ्या दुकानात गेली. जहाजावरच्या दुपारच्या जेवणाला त्या दिवशी पावणेदोन तास होते.

नॉर्स, म्हणजे मध्ययुगात स्कँडिनेव्हियाकडून आलेल्या लोकांच्या, वारशाच्या बाबतीत तर आपल्या पुरवणीतील एका लेखाने, हे धाडसी दर्यावर्दी गूढरीत्या नाहीसे झाले, एवढेच म्हणून विषय संपवला आहे. या ‘गूढ’ शब्दावर माझा फार राग आहे, कारण तो आला की पुढे वाचण्याची गरज उरत नाही. प्रामाणिकपणे सांगायचे तर ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला नॉर्स लोक आजच्या इनुइटांच्या पूर्वजांच्या आधी पोहोचले. इ. स. ९८५ च्या सुमारास तांबड्या केसांचा एरिक आइसलंडमधून वसाहतवाल्यांची जहाजे घेऊन निघाला. निघालेल्या २५ पैकी १४ पोहोचली, असे आइसलंडची जुनी बखर सांगते. चांगले नाव ठेवले तर माणसे यायला राजी होतील म्हणून त्यानेच या देशाला ‘हिरवा देश’ म्हटले, असेही ती सांगते. म्हणजे आजच्या जाहिरातदारांचा मूळपुरुष तोच म्हणायचा. थूले संस्कृतीचे इनुइट अलास्काकडून पूर्वेला सरकत इ. स. १२०० च्या आसपास उत्तर ग्रीनलंडमध्ये आले आणि पुढे किनाऱ्याने दक्षिणेला उतरले.

नॉर्स लोक गुरे आणि मेंढ्या पाळत, हिवाळ्यासाठी गवत साठवत, चर्च बांधत. ११२६ मध्ये त्यांच्याकडे स्वतःचा बिशप आला. युरोपशी व्यवहार मात्र चाले तो वॉलरस या सीलसारख्या मोठ्या सागरी प्राण्याच्या सुळ्यांवर. ते मिळवण्यासाठी दक्षिणेतले शेतकरी उन्हाळ्यात शेकडो किलोमीटर वल्हवत थेट आज इलुलिसात आहे त्या डिस्को उपसागरापर्यंत जात. नार्व्हाल या देवमाशाच्या जातीतील प्राण्याचा मळसूत्रासारखा पिळदार, अडीच-तीन मीटरांचा दात युरोपात एकशिंगी घोड्याचे शिंग म्हणून विकला जाई, आणि राजेलोक तो विषावरचा उतारा समजून सोन्याच्या भावाने घेत. पुढे हत्तीचा दात युरोपात अधिक येऊ लागला, नॉर्वेत प्लेगने थैमान घातले, हवामान थंड आणि वादळी झाले, जहाजे येईनाशी झाली. आपली गुरे सोडायला तयार नसल्यामुळे ते उपाशी मेले, ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते, पण त्यांच्या दफनभूमीतील हाडांची रासायनिक तपासणी वेगळे सांगते: काळ जाईल तसे त्यांच्या आहारात सीलचे मांस वाढत गेले. ते बदलत होते, आणि तरीही एकेक करून वस्ती रिकामी होत गेली.

काकोर्तोक गावाजवळ ह्वाल्से येथे त्यांचे चर्च उभे आहे. रबरी होडीतून उतरून, ओल्या गवतातून वर चढत आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा धुके होते. छप्पर गेले आहे. ग्रॅनाइटच्या मोठमोठ्या दगडांच्या, दीड मीटरांपर्यंत जाड भिंती आणि दोन्ही टोकांचे त्रिकोणी माथे मात्र जवळजवळ पूर्ण आहेत. पूर्वेकडच्या कमानीच्या खिडकीतून फियोर्डचे पाणी दिसते. १६ सप्टेंबर १४०८ रोजी, रविवारी, या चार भिंतींत थोर्स्टाइन आणि सिग्रिड या दोघांचे लग्न लागले. वादळाने भरकटून आलेल्या जहाजातला तो पाहुणा होता. पुढे ती दोघे आइसलंडला गेली, तिथे या विवाहाच्या वैधतेसाठी साक्षीदारांनी लेखी जबान्या दिल्या, आणि त्या कागदांमुळेच आपल्याला हे ठाऊक आहे. ग्रीनलंडमधील नॉर्स लोकांविषयीची ती शेवटची लेखी नोंद. त्यात दुष्काळ नाही, हल्ला नाही. वऱ्हाडी जमले होते, एवढेच आहे. ज्या लेखकाला गूढच हवे असेल त्याला ते या कागदांत सापडेल.

१७२१ मध्ये हान्स एगेडे हा नॉर्वेजियन धर्मोपदेशक हरवलेल्या नॉर्स लोकांना शोधायला आला. त्याला ते भेटले नाहीत, इनुइट भेटले. डॅनिश वसाहतवादाची सुरुवात तिथून झाली. आणि या कथेचा मला सर्वांत आवडलेला भाग तर कुठल्याच माहितीपत्रकात नव्हता. कासिआर्सुक येथे, जिथे एरिकचे घर होते त्याच जागी, १९२४ मध्ये एका इनुइट कुटुंबाने मेंढ्या पाळायला सुरुवात केली. सुमारे हजार वर्षांपूर्वी नॉर्स शेतकऱ्यांनी दगड वेचून साफ केलेल्या कुरणांवर आज इनुइट शेतकरी ट्रॅक्टरने गवत कापतात आणि पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले त्याचे भारे फियोर्डच्या काठाने हिमनगांच्या पार्श्वभूमीवर पडलेले असतात. याच कारणासाठी या परिसराला कुयाता या नावाने २०१७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटले. नॉर्स आणि इनुइट वारसा या दोन वेगळ्या खोल्या नाहीत हे तिथे पायाखाली कळते.

आता प्राण्यांविषयी. जाहिरातीत पांढरे अस्वल असते. आमच्या मार्गावर, पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यात, ते दिसण्याची शक्यता फारच थोडी असते आणि आम्हाला ते दिसले नाही. दिसले ते डिस्को उपसागरात हिमनगांमधून श्वास सोडत वर येणारे कुबड्या देवमासे, ज्यांच्या शेपटीच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे ठसे प्रत्येकाचे वेगळे असतात, आणि कांगेर्लुसुआकजवळ उतारावर चरणारे कस्तुरी बैल. हे बैलसुद्धा १९६० च्या दशकात ईशान्य ग्रीनलंडमधून माणसांनी तिथे आणून सोडलेल्या २७ जनावरांचे वंशज आहेत. ‘अस्पर्श’ निसर्गाची ही एक गंमत. गटातील अनेकांना सीलची शिकार ऐकून वाईट वाटले, ते मी समजू शकते. पण जिथे धान्य पिकत नाही तिथे देवमाशाची चरबीसकट कातडी, ‘मत्ताक’, हा क जीवनसत्त्वाचा मोठा आधार होता, हे तेवढ्याच ठळकपणे सांगितले गेले पाहिजे. युरोपीय संघाने २००९ मध्ये सीलच्या वस्तूंवर बंदी घातली तेव्हा इनुइट शिकाऱ्यांसाठी अपवाद ठेवला होता, तरीही कातड्यांचा बाजार बसला, कारण दूरच्या गिऱ्हाईकाला अपवाद समजावून सांगणार कोण? पर्यटकांसाठी व्यवहाराची गोष्ट अशी, की नार्व्हाल आणि वॉलरसच्या दातांवरील कोरीव वस्तू देशाबाहेर नेण्यावर निर्बंध आहेत. रेनडियरच्या शिंगातून कोरलेल्या वस्तू बऱ्याच सोप्या. हे आपल्या पुरवणीने छापले तर विमानतळावरची कटकट वाचेल.

या सफरींच्या सुरक्षिततेविषयीही एकदा सविस्तर यायला हवे. सप्टेंबर २०२३ मध्ये ईशान्य ग्रीनलंडच्या राष्ट्रीय उद्यानात २०६ जणांना घेऊन जाणारे एक पर्यटक जहाज चिखलात रुतले आणि तीन दिवसांनी मासेमारी संशोधनाच्या एका जहाजाने ते ओढून काढले. नंतर दोनच दिवसांनी त्याच उद्यानातील डिक्सन फियोर्डमध्ये, पायथ्याची हिमनदी झिजल्याने आधार सुटलेला डोंगर कोसळला, सुमारे २०० मीटर उंच लाट उसळली आणि त्या अरुंद फियोर्डमधले पाणी नऊ दिवस असे हिंदकळत राहिले, की जगभरच्या भूकंपमापकांवर त्याची नोंद झाली. तिथे तेव्हा कोणी नव्हते, म्हणून माणसे वाचली. २०१७ मध्ये नुगात्सिआक या छोट्या वस्तीवर अशीच लाट आली, तेव्हा चौघे दगावले आणि वस्ती कायमची रिकामी झाली. जहाजात माणसे किती, एका वेळी किनाऱ्यावर किती उतरवणार, इंधन कोणते, स्थानिक वाटाडे किती आणि वस्तीत वेळ किती, हे प्रश्न सहल-कंपनीला पैसे भरण्यापूर्वी विचारावेत. आम्ही केबिनला गच्ची आहे का, एवढेच विचारले होते.

मराठी वाचकाला आर्क्टिक नवीन नाही. १९०३ मध्ये लोकमान्य टिळकांनी वेदांतील उषेच्या दीर्घ वर्णनांवरून आर्यांचे मूलस्थान ध्रुवप्रदेशात असल्याचा सिद्धांत पुण्यातून मांडला. तो सिद्धांत आज विद्वान मानत नाहीत, परंतु त्यामुळे अनेक दिवस चालणाऱ्या पहाटेची कल्पना आपल्या घराघरांत पोहोचली. मात्र त्या पहाटेखाली प्रत्यक्ष कोण राहते, हे विचारायचे आपल्याकडे तेव्हाही राहून गेले. २००८ पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र आहे आणि त्याचा कारभार गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. या शास्त्रज्ञांना पुरवणीत लिहायला सांगितले तर सहल-कंपन्यांनी पाठवलेल्या मजकुरापेक्षा निश्चितच काही जास्त मिळेल.

एक गोष्ट मला परत आल्यावरच कळली, आणि शिक्षिका म्हणून ती माझ्या मनातून जात नाही. १९५१ मध्ये डेन्मार्कने ग्रीनलंडमधील २२ इनुइट मुलांना ‘सुधारण्यासाठी’ आपल्या देशात नेले. पुढे त्यांतली बहुतेक परतली ती घरी नव्हे, ग्रीनलंडची राजधानी नूक येथील अनाथालयात. तोवर ती आईवडिलांची भाषा विसरली होती. डेन्मार्कच्या पंतप्रधानांनी याबद्दल २०२० मध्ये माफी मागितली. आम्ही नूकच्या बंदरात उतरून राष्ट्रीय संग्रहालयात किलाकित्सोकच्या, पंधराव्या शतकातल्या ममी पाहिल्या. त्यांत सहा महिन्यांचे एक बाळ आहे, कातड्याच्या कपड्यांत, चेहरा वर केलेले. त्या काचेपुढे आमच्या गटाने बराच वेळ काढला. त्याच गावातल्या अनाथालयात ठेवलेल्या त्या मुलांचा उल्लेख मात्र जहाजावरच्या व्याख्यानांत कोणीच केला नव्हता.

माझ्याजवळ ह्वाल्सेचे चर्च, सेर्मेर्मिउतचे हिरवे गवत आणि इलुलिसातमधील माशांचे मांडव यांची स्वतः काढलेली छायाचित्रे आहेत. पुरवणीच्या पुढील अंकासाठी हवी असल्यास विनामूल्य पाठवीन. त्यांत अस्वल एकही नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
दापोली